गायनॅक वॉर्डात नवीन आहात? लवकर झालेल्या गर्भपाताची पेशंट अशी सांभाळा

गायनॅकला पहिली पोस्टिंग लागली की प्रत्येक नवी सिस्टर लेबर रूमची धास्ती घेऊन येते. पीपीएच (बाळंतपणानंतरचा रक्तस्राव), एक्लाम्प्सिया (बीपी वाढून येणारे झटके), बाळाचे ठोके, सगळं पाठ असतं. पण दोन-अडीच महिन्यांची गरोदर बाई "अंगावरून जातंय" म्हणून दारात येते, तेव्हा नेमकं काय करायचं ते कुणी नीट सांगितलेलं नसतं. ती डिलिव्हरीची पेशंट नसते आणि दिसायला सिरीयसही नसते. तिला "छोटी केस" म्हणतात, आणि छोटी केस म्हटली की पल्स राहते, रक्तगट राहतो, सॅम्पल चुकीच्या बाटलीत जातं आणि बाईला काय झालंय हे संध्याकाळपर्यंत कुणीही सांगत नाही.

मी उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत बरीच वर्षं हा वॉर्ड सांभाळला आहे. पुढे लिहिलंय ते पहिल्या १२-१३ आठवड्यांत आपोआप होणाऱ्या गर्भपाताबद्दल. लक्षात आलेल्या गर्भारपणांपैकी साधारण १० ते १५ टक्के असे संपतात, म्हणजे आठवड्याला अशा पेशंट तुमच्याकडे येणारच. औषधांचे डोस इथे ओळख व्हावी म्हणून दिले आहेत. द्यायचे ते लेखी ऑर्डरवरच.

१. ड्यूटीवर आल्या आल्या ट्रे बघा

पेशंट आल्यावर कपाट उघडायची वेळ येऊ नये. ट्रेमध्ये एवढं हवंच:

- १६ आणि १८ नंबरचे कॅन्युला (करडा आणि हिरवा), आरएल सलाइन, आयव्ही सेट
- रक्ताच्या बाटल्या, यूपीटी (लघवीवरून गर्भ तपासायचं) किट, लघवीचा डबा
- कस्कोचा स्पेक्युलम (योनिमार्ग उघडून बघायचं साधन), स्पंज होल्डिंग फोर्सेप्स, किडनी ट्रे
- पॅड, मॅकिंटॉश (रबरी चादर), झाकणाचं बेडपॅन
- १० टक्के फॉर्मेलिनची बाटली, आणि वेगळी एक निर्जंतुक रिकामी बाटली. ही दुसरी कशाला ते सहाव्या मुद्द्यात येईल.

ड्रेसिंग रूमच्या दाराला पडदा आहे का तेही बघा. नसला तर चादर लावा. त्यासाठी इन्डेंटची वाट बघू नका.

२. आधी नाडी, मग केसपेपर

बाई चालत आली तरी आधी झोपवा आणि मनगट धरा. तरुण बाईचं बीपी फार उशिरापर्यंत टिकून राहतं, नाडी मात्र आधी वाढते. नाडी ११०, बीपी ११०/७० हा आकडा "बीपी नॉर्मल" म्हणून सोडून देण्यासारखा नाही. अशा पेशंटला ताबडतोब मोठा कॅन्युला, रक्त क्रॉसमॅचला आणि डॉक्टरांना फोन.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या ओळखायला शिका.

पहिली म्हणजे गर्भ नळीत असणं, एक्टोपिक. रक्त थोडंच जातंय, पण बाई पांढरीफटक, एका बाजूला जोरात दुखतंय, खांद्याच्या टोकाशी दुखतंय, न्हाणीत चक्कर येऊन पडली होती. बाहेर दिसणाऱ्या रक्तापेक्षा बाई जास्त खालावलेली असेल तर रक्त पोटात साचत असण्याची शक्यता धरा. यूपीटी पॉझिटिव्ह आणि सोनोग्राफीत गर्भाशयाची पिशवी रिकामी असेल, तर एक्टोपिक नाही हे ठरेपर्यंत तिला घरी सोडायचं नाही.

दुसरी याच्या उलट दिसते. बाईला दरदरून घाम, बीपी पडलेलं, पण नाडी जलद नाही, उलट ५०-५५. इथे बहुधा गर्भाचा तुकडा पिशवीच्या तोंडाशी अडकलेला असतो आणि त्या ताणाने नाडी मंदावते. डॉक्टर स्पेक्युलम घालून तो फोर्सेप्सने काढतात आणि बघता बघता बाई सावरते. म्हणून स्पेक्युलम आणि लाइट तयार हवेत. नुसत्या सलाइनवर सलाइन चढवत बसलं तर ती सावरत नाही.

३. माहिती विचारा, पण तिला एकटीला

सासू, नणंद, शेजारीण अशा चौघी पलंगाभोवती असताना बाई खरं सांगत नाही. "तपासायचंय, तुम्ही जरा बाहेर थांबा" एवढं म्हटलं की पुरतं. मग तिच्याच शब्दांत विचारा. पाळी कधी चुकली? अंगावरून कधीपासून जातंय? गाठी पडल्या का? ओटीपोटात कळा येतात की एकसारखं दुखतंय?

"किती पॅड?" हा प्रश्न खेड्यातल्या बाईला अर्धवट कळतो. ती कपडा वापरत असेल तर किती वेळा बदलला, पूर्ण भिजला होता का, साडीपर्यंत आलं का, असं विचारा. तासाला दोन पॅड पूर्ण भिजताहेत आणि असं सलग दोन तास चाललंय, तर तो धोक्याचा रक्तस्राव. वॉर्डात आल्यावर सगळे पॅड ट्रेमध्ये ठेवायला सांगा आणि वजन करा. कोऱ्या पॅडचं वजन वजा केलं की एक ग्रॅमला साधारण एक मिली रक्त धरता येतं. "मॉडरेट ब्लीडिंग" असं लिहून ठेवण्यापेक्षा हा आकडा रात्रीच्या सिस्टरला शंभरपट उपयोगी पडतो.

मेडिकलमधून गोळ्या आणून घेतल्या होत्या का, हेही विचारावं लागतं. आवाज चढवून नाही. "काही गोळी घेतली असेल तर सांगा ताई, औषध देताना आम्हाला माहीत असलेलं बरं" असं म्हणा. तिने सांगितलं तर डॉक्टरांना सांगा, आणि काउंटरवर त्याची चर्चा नको. घेतली असली तरी रक्तस्राव थांबवायचाच असतो, उपचार तसाच करायचा असतो. तिला शिक्षा करणं आपल्या कामात बसत नाही.

पोटावर मार बसलाय का, घरी कुणी मारतं का, हेही याच वेळी. आणि वय. १८ वर्षांखालील मुलगी असेल तर २०१२च्या पोक्सो कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे. लगेच डॉक्टरांना सांगा, एमएलसीचं (पोलिसांना कळवायच्या केसच्या नोंदीचं) ते बघतील. उपचार मात्र पोलिसांसाठी थांबत नाहीत.

४. बेड कुठला देता, याला उपचाराइतकंच महत्त्व आहे

आपल्याकडे गायनॅक आणि पीएनसी (बाळंतिणींचा वॉर्ड) बहुतेक एकाच हॉलमध्ये असतात. बेड रिकामा दिसला म्हणून हिला नुकत्याच बाळंत झालेल्या बाईशेजारी टाकलं की तिच्या कानाशी रात्रभर बाळ रडतं, नातेवाईक पेढे वाटायला येतात, आणि एखादी मावशी चुकून हिलाच विचारते, "तुमचं बाळ कुठंय?" कोपऱ्यातला बेड काढून द्या. नसेल तर ऑपरेशनच्या पेशंटकडे सरकवा. जागा अजिबात नाही असं क्वचितच असतं. बेड बदलायचा कंटाळा असतो.

मावशी, मामा, सफाईच्या ताई यांनाही सांगून ठेवा. "बारा नंबरची अबॉर्शनवाली" अशी हाक हॉलमध्ये ऐकू येता कामा नये. नावाने बोलवा.

तपासण्या: हिमोग्लोबिन, रक्तगट आणि आरएच, एचआयव्ही, एचबीएसएजी, व्हीडीआरएल, शुगर. रक्तगटाचा जुना कागद असला तरी पुन्हा पाठवा.

५. सोनोग्राफीपासून उपचारापर्यंत

सोनोग्राफीआधी "काही नाही होणार, बाळ ठीक असेल" असं म्हणू नका. मनात माया असते हे मान्य, पण दोन तासांनी तुमचा शब्द खोटा पडला की ती पुढचं काहीच ऐकून घेत नाही. "तपासणी होऊ दे, जे असेल ते डॉक्टर सांगतील, मी तुमच्यासोबत असेन" एवढं सांगा आणि खरंच सोबत जा.

एकाच सोनोग्राफीत नेहमी निदान होत नाही. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर किंवा जास्त आणि ठोके नाहीत, किंवा गर्भाभोवतीची पाण्याची पिशवी सरासरी २५ मिलिमीटर किंवा जास्त आणि आत गर्भच नाही, तेव्हा खात्रीने सांगता येतं. त्याखाली असेल तर ७ ते १४ दिवसांनी पुन्हा बघतात. नातेवाईकांना हा वेळकाढूपणा वाटतो. "घाई केली आणि गर्भ जिवंत निघाला तर?" असं विचारलं की त्यांना पटतं.

निदान झालं की तीन वाटा असतात आणि तब्येत स्थिर असेल तर निवड बाईची असते.

वाट बघणे. आपोआप पडून जाईल म्हणून एक-दोन आठवडे थांबायचं. दवाखाना जवळ असेल, घरी कुणी सोबत असेल, गाडी मिळत असेल तर ठीक. वाडीवरून यायला दोन तास लागणाऱ्या आणि हिमोग्लोबिन सातवर असलेल्या बाईला हे सुचवू नये, असं माझं मत आहे.

गोळ्या. ठोके थांबलेला गर्भ आत असेल तर बऱ्याच ठिकाणी आधी २०० मिलिग्रॅम मिफेप्रिस्टोन आणि एक-दोन दिवसांनी ८०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल अशी ऑर्डर असते. इथला सापळा म्हणजे मिसोप्रोस्टॉल २५, १००, २०० आणि ६०० अशा वेगवेगळ्या ताकदीत येतं आणि लेबर रूमच्या कपाटात २५ची पट्टी असतेच. पट्टी हातात घेऊन आकडा मोठ्याने वाचा. गोळीनंतर थंडी वाजते, ताप येतो, जुलाब आणि उलट्या होतात. हे आधी सांगितलं नसेल तर बाई "मला काहीतरी चुकीचं दिलं" म्हणून घाबरते. दुखेल, पाळीपेक्षा बरंच जास्त दुखेल, हे स्पष्ट सांगा आणि दुखण्याची गोळी कळा सुरू व्हायच्या आधी द्या. तिने मागितल्यावर शोधायला जाऊ नका.

पिशवी साफ करणे. लोक अजून क्युरेटिंगच म्हणतात, पण जागतिक आरोग्य संघटनेने धारदार क्युरेटने खरवडण्याची पद्धत सोडायला सांगून बराच काळ झाला. आता व्हॅक्यूम. हाताच्या सिरिंजने करतात ते एमव्हीए, ६० मिलीची सिरिंज, आणि तिला जोडायच्या नळीचा (तिलाही कॅन्युलाच म्हणतात) नंबर साधारण गर्भाच्या आठवड्यांइतका. सिरिंज व्हॅक्यूम धरते का ते आधीच तपासा, पेशंट टेबलावर आल्यावर नाही. पेशंट जागी असेल तर तुमची जागा तिच्या डोक्याशी. हात धरा, काय चाललंय ते सांगत राहा. टेबलाच्या पायथ्याशी आणखी दोघी उभ्या राहून त्यांच्या सुट्ट्यांबद्दल बोलत असतील तर त्यांना बाहेर काढायचा अधिकार तुम्हाला आहे.

नंतर पहिला तासभर दर १५ मिनिटांनी नाडी, बीपी, पॅड, पोट. पोट फुगतंय, दुखणं वाढतंय, रक्त थांबत नाही, यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना लगेच बोलवा.

६. पडलेलं फेकू नका

संडासात गेली आणि सगळं पाण्यात गेलं, ही आपल्या वॉर्डातली रोजची गोष्ट. म्हणून दाखल होताच बेडपॅन द्या आणि का ते सांगा.

जे पडलं ते, किंवा सिरिंजमधून निघालं ते गाळणीत धुवा, काचेच्या भांड्यात स्वच्छ पाण्यात सोडा आणि उजेडासमोर धरा. गर्भाच्या वेष्टनाचे बारीक तंतू पाण्यात पिंजलेल्या कापसासारखे तरंगतात. रक्ताची गाठ नुसती फुटते आणि पाणी लाल करते. एकदा बघितलं की आयुष्यभर ओळखता. तंतू दिसलेच नाहीत तर डॉक्टरांना सांगा, कारण काहीतरी आत राहिलंय किंवा गर्भ पिशवीत नव्हताच. पाण्याने भरलेले बारीक फोड दिसले तर द्राक्षगर्भाची (गर्भाऐवजी फोडांचा घोस वाढण्याची) शंका, मग पॅथॉलॉजी आणि पुढचा फॉलोअप सुटता कामा नये.

पॅथॉलॉजीला पाठवायचं ते फॉर्मेलिनमध्ये. पण वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईचं गुणसूत्रांच्या तपासणीसाठी पाठवायचं असेल तर फॉर्मेलिन चालत नाही. पेशी मरतात आणि सॅम्पल वाया जातं. ते निर्जंतुक बाटलीत सलाइनमध्ये. म्हणून बाटली उचलण्याआधी "कशासाठी?" विचारा. हे सॅम्पल पुन्हा मिळत नाही.

उरलेलं २०१६च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत. बाईने बघायचं म्हटलं तर दाखवा, काय दिसेल ते आधी सांगून, झाकलेल्या स्वच्छ ट्रेमध्ये. नको म्हणाली तर आग्रह नाही. कुणी घरी नेऊन पुरायचं म्हटलं तर "असलं काही नसतं" म्हणून झिडकारू नका. इन्चार्जना, डॉक्टरांना विचारा आणि उत्तर तुम्ही स्वतः आणून द्या.

७. कागदपत्रं

पेशंटकडून घ्यायचं: माता-बाल संरक्षण कार्ड, आधीच्या सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद, आधार कार्ड, चालू गोळ्यांची पट्टी.

संमतीवर सही बाईची. सज्ञान बाईला नवऱ्याच्या सहीची गरज नाही. नवरा सुरतला कामाला आहे म्हणून रक्तस्राव चालू असताना पेशंट ताटकळत ठेवलेली मी पाहिली आहे. असं तुमच्या ड्यूटीत होऊ देऊ नका.

ठोके थांबलेला गर्भ काढणं म्हणजे एमटीपी (मुद्दाम करून घेतलेला कायदेशीर गर्भपात) नव्हे. रजिस्टरला घाईत तसं लिहून टाकतात आणि नंतर बाईला घरी उत्तरं द्यावी लागतात. डॉक्टरांनी लिहिलेलं निदान जसंच्या तसं उतरवा आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट जोडा.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीबद्दल (पुढच्या गर्भाला त्रास होऊ नये म्हणून द्यायचं इंजेक्शन) लेखी ऑर्डर मागा. द्यायचं ठरलं तर ७२ तासांच्या आत. १२ आठवड्यांच्या आत ५० मायक्रोग्रॅम पुरतं, स्टॉकला बहुधा ३००चंच असतं. अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत द्यावं की नाही यात युनिटप्रमाणे फरक आहे, म्हणून अंदाजाने देऊही नका आणि अंदाजाने टाळूही नका. सुट्टीच्या आदल्या दिवशी आलेल्या पेशंटचं हेच हमखास राहतं.

८. "माझ्यामुळं झालं का?"

हा प्रश्न ती विचारेल. डॉक्टरांना नाही, रात्री बीपी घ्यायला आलेल्या तुम्हाला. पपई खाल्ली, स्कूटीवर खड्ड्यातून गेले, हंडा उचलला, ग्रहणात भाजी चिरली. उत्तर तयार ठेवा: नाही. लवकरच्या गर्भपातांपैकी निम्म्यांच्या आसपास गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात. गर्भ धरतानाच तो घडलेला असतो. चालल्याने, कामाने, खाल्ल्याने नाही. हे तिला सांगा आणि मग तिच्या परवानगीने सासूलाही सांगा, शक्यतो सासूला आधी खुर्ची देऊन. "काकू, हिच्याकडून काही चुकलेलं नाही" हे वाक्य गणवेशातल्या माणसाच्या तोंडून गेलं की घरी त्याचं वजन वेगळं पडतं.

"लहान आहेस, होईल परत", "बरं झालं लवकर झालं", "आधीची मुलगी आहे ना" ही तीन वाक्यं बोलू नका. "वाईट झालं ताई" म्हणा आणि थोडं थांबा. ती रडली तर रडू द्या. रडली नाही तरी तिला दुःख नाही असं धरू नका, आणि सुटल्यासारखं वाटत असेल तर तेही तिचं तिला.

नवरा बाहेर जिन्यात असतो. पॅड आण, औषध आण, रक्त आण म्हणून त्याला चार वेळा पिटाळलेलं असतं आणि काय झालंय ते एकदाही सांगितलेलं नसतं. बाईला विचारून त्याला आत घ्या, भेटीची वेळ नसली तरी.

ऊसतोडीच्या हंगामात फडातून आलेली बाई दुसऱ्या दिवशी उठून जायला बघते, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात आणि उचल आधीच घेतलेली असते. तिला "आराम करा" एवढं सांगून उपयोग नाही. किमान रक्त थांबेपर्यंत मोळी उचलायची नाही, हे मुकादमाला दाखवता येईल असं कागदावर लिहून मागा. आणि "पिशवीच काढून टाका" म्हणाली तर लगेच मान डोलावू नका. गर्भपात झाला म्हणून पिशवी काढायची नसते. अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये बीड जिल्ह्यातून राज्यभर गाजला होता, तो उगाच नाही.

९. सुट्टी देताना

तोंडी सांगितलेलं गेटपर्यंत टिकत नाही. मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्या:

- रक्त दोन आठवड्यांपर्यंत थोडं थोडं जाऊ शकतं. तासाला दोन पॅड भिजले, चक्कर आली, ताप आला, घाण वास आला, पोटदुखी सहन होईना, तर परत या. रात्र असली तरी. गाडी नसेल तर १०८.
- रक्त थांबेपर्यंत संबंध नकोत.
- तीन आठवड्यांनी यूपीटी. त्याआधी केली तर गर्भ नसतानाही पॉझिटिव्ह येते आणि उगाच गोंधळ होतो.
- पाळी यायच्या आधीच, अगदी दोन आठवड्यांत, पुन्हा दिवस राहू शकतात. लगेच नको असेल तर साधन आजच ठरवा.
- पुन्हा हवं असेल तर कधी? जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये सहा महिने थांबा म्हटलं होतं. नंतरच्या अभ्यासांत लवकर राहिलेल्या गर्भाला जादा धोका दिसलेला नाही. हिमोग्लोबिन बघून डॉक्टर सांगतील. फोलिक अ‍ॅसिड मात्र चालू.

नोकरी करणारी असेल तर रजेचं सांगा, कुणीच सांगत नाही. १९६१च्या मातृत्व लाभ कायद्यापासून गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा मिळत आली आहे. त्यासाठी दाखला लागतो, तो सुट्टीच्या वेळीच हातात द्या.

झोप उडाली, जेवण तुटलं, जगणं नको वाटतंय असं आठवड्यांनंतरही असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. कार्डाच्या मागे लिहून द्या.

शेवटचं काम फोनचं. तिच्या गावच्या एएनएमला (उपकेंद्रातली सिस्टर) किंवा आशाताईला कळवा, अर्थात बाईला विचारून, आणि गरोदर मातांच्या नोंदीत बदल करायला सांगा. नाहीतर तिसऱ्या महिन्यात आशाताई "इंजेक्शनला चला" म्हणून दारात येते, किंवा तपासणीच्या तारखेचा मेसेज मोबाइलवर वाजतो. फॉलोअपला येईल तेव्हाही तिला पोटुशा बायकांच्या एएनसीच्या रांगेत बसवू नका. कागदावर "गायनॅक ओपीडी, थेट सिस्टरना भेटा" असं लिहा आणि खाली तुमची ड्यूटी कोणती ते टाका.